इंगळे सरांचं प्रात्यक्षिक

चिखलीच्या एसटी स्टँडवर एक सफारीतला माणूस वर पत्र्याकडे टक लावून उभा दिसला आणि त्याच्याभोवती वीसेक जण माना वर करून पाहत असले, तर ते आमचे इंगळे सर समजावेत. वर काहीही नसतं. खांबाआडून बारावीची पोरं वहीत टिपून घेत असतात. "पाह्यलं? याले म्हणतात समूहाचा प्रभाव!" एवढं बोलून सर निघून जातात. माणसं तिथंच. एकदा तर या नादात दोघांची मेहकरची गाडी हुकली.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवतात, मी इतिहास. स्टाफरूममध्ये अकरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. "पुस्तकात काय हाय? माणसायले हलवून पाहा," हे त्यांचं पालुपद. मलाही त्यांनी सोडलं नाही. तीन दिवस सारखं "तब्येत बरी नाही काय?" विचारून चौथ्या दिवशी मला खरोखर ताप आणला. भेटायला आले ते चक्क आनंदात. "तुमचं उदाहरण दोन्ही तुकड्यायले सांगतलं!"

गेल्या महिन्यात मात्र सर स्वतःच गोत्यात आले. विषय होता सामाजिक संकेत. आपल्याकडे भेटेल तो "जेवले काय?" विचारतो आणि आपण "हो" म्हणून पुढं जातो. सरांनी गृहपाठ दिला : एक दिवस सगळ्यांना "नाही" म्हणा, काय होतं ते लिहून आणा.

गावानं पोरांना खाऊ घालून आडवं केलं. वैष्णवी नावाच्या मुलीला एका दुपारी चार घरी जेवावं लागलं, आणि संध्याकाळी खामगावहून मामाचा तिच्या आईला फोन : "पोरीले उपाशी काऊन ठेवून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडणार, तेवढ्यात प्राचार्यांनी सरांना बोलावलं; डबा तसाच हातात धरून मीही सोबत गेलो. वैष्णवीची आई समोर बसलेली. "साऱ्या आळीत माही इज्जत गेली, सर!"

"माफी मागा," प्राचार्य म्हणाले, "नाहीतर हा वर्ग मी दुसऱ्याला देतो."

वर्ग म्हणजे सरांचा जीव. त्यांनी मुकाट्यानं हात जोडले. "चुकलो, ताई."

बाईंचा राग तिथंच उतरला. "जाऊ द्या सर. चेहरा पाहा कसा सुकला. जेवले काय?"

"नाही."

"सर, पुरे करा आता!" प्राचार्य ओरडले.

"प्रयोग नोहे, साहेब," सर खाली मान घालून म्हणाले. "बायको गेली तवापासून दुपारचं जेवतच नाही. एकट्यासाठी रांधावंसं वाटत नाही."

त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज डबा बंद करताना मी त्यांना "जेवलात का?" विचारायचो आणि "हो" ऐकून हात धुवायला जायचो. सर घरी जाऊन जेवतात, असं मी धरूनच चाललो होतो. मला माझीच लाज वाटली.

बाई उठल्या. "चाला घरी. बेसन-भाकर हाय."

सर "राहू द्या" म्हणत होते, बाई ऐकत नव्हत्या. उद्यापासून डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणायच्या, असं मी ठरवलं. मग फाटकाकडे जाणाऱ्या सरांची पाठ दिसली आणि वाटलं, उद्या कशाला? डबा काखेत मारला आणि मी त्यांच्यामागे पळालो.