ह्यांची खाट

“याच खाटेवर अध्यक्षांनी शेवटचा श्वास घेतला,” असं मास्तर म्हणाले आणि खाटेवरची चादर उठून बसली.

पावस गावच्या शाळेची सहल आली होती. पोरी किंचाळल्या. एकीने मास्तरांचं धोतरच धरलं. मी दारात चहाची किटली घेऊन उभी होते. चादरीतून वहिनींचं डोकं बाहेर आलं.

“ओरडताय काय? मेले नाही मी.”

वहिनी म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या माजी अध्यक्षांची बायको. खुर्ची सोडल्यावर अध्यक्षांनी भाट्याच्या वाटेवर, माझ्या शेजारी, हे चिऱ्याचं घर बांधलं आणि तिथेच ते वारले. पालिकेने घर होतं तसं जपायचं ठरवलं, त्यासाठी समिती नेमली आणि पाहुण्यांना घर दाखवायचं काम समितीतल्या मास्तरांकडे दिलं. वहिनींना मागची पडवी दिली. माझा मुलगा गिरणीच्या संपामुळे घरी बसला होता, त्यानेच पाहुण्यांना अडवायला खोल्यांतून दोऱ्या बांधल्या.

घोळ झाला तो वहिनींच्या तोंडामुळे. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घेत नाही आणि ‘माझं’ म्हणत नाही. मास्तर एकेक वस्तू दाखवून विचारत होते, ही कुणाची? वहिनींचं उत्तर एकच. “ह्यांचं. सगळं ह्यांचंच.” मास्तरांनी तशा चिठ्ठ्या डकवल्या. त्यामुळे आमच्या गावात ‘अध्यक्षांची विळी’ आहे. पाहुणे म्हणतात, काय साधा माणूस, भाजीसुद्धा स्वतः चिरायचा. त्यांनी जन्मात भेंडी चिरली नाही. वहिनींचा चष्माही काचेच्या कपाटात गेला. रोज सकाळी त्या तो गुपचूप काढत, तांदूळ निवडत आणि मास्तर यायच्या आत परत ठेवत. मी म्हटलं, सांगा ना तुमचा आहे म्हणून. तर मलाच म्हणाल्या, “पैसे ह्यांनीच दिले होते ना गो?” मी कपाळावर हात मारला.

आता मात्र मास्तर खवळले. पोरींना अंगणात काढलं आणि म्हणाले, आजच समितीपुढे ठेवतो, वहिनींनी मंडणगडला भावाकडे जावं, हे घर आता गावाचं आहे. वहिनी पांढऱ्या पडल्या. भावाकडे त्यांना कोण विचारत होतं? भावजय त्यांची ताटलीसुद्धा वेगळी ठेवायची.

“अध्यक्षांच्या खाटेवर झोपलात तरी कशा?” मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी चादरीची घडी घातली. धाप लागलेली होती.

“खाट माझी,” त्या म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मास्तरांनीही.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. दम्याने त्यांना आडवं होता येत नसे, म्हणून सुताराकडून उशाशी उंच अशी खाट करून घेतली होती. पडवीच्या ओलीत आदल्या दिवसापासून जीव घाबरा झाला, म्हणून त्या आपल्या खाटेवर आल्या. अध्यक्ष खाली चटईवर झोपत. आपल्या मनगटाला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक वहिनींच्या हातात देत. धाप लागली की ओढायची.

“ओढली,” वहिनी म्हणाल्या. “हे उठलेच नाहीत.”

मंडणगडचं नाव मास्तरांनी पुन्हा काढलं नाही.

डॉक्टरांनी वहिनींची आशा सोडायला सांगितलं होतं, हेही तेव्हाच कळलं. अध्यक्षांनी खुर्ची सोडली ती त्यासाठी. आम्ही समजत होतो, निवडणुकीला घाबरले.

गेले ते, खाली चटईवर. खाटेवर वहिनी होत्या. त्या जगल्या.