विभागप्रमुख आर-१७

एक जूनपासून आमच्या जीवरसायन विभागाचं प्रमुखपद रुईच्या चिकातून काढलेल्या एका एन्झाइमकडे आलं, आणि ज्येष्ठता पाहता त्यात नियमाबाहेरचं काहीही नव्हतं.

एन्झाइमचं नाव आर-१७. प्रथिनांच्या लांब साखळ्या आणि त्यांचे आखूड तुकडे, म्हणजे पेप्टाइड, हे दोन्ही ते नेमक्या जागी कापतं. ते मी शोधलं. संस्थेच्या मागे मारुतीच्या देवळाजवळ रुईचं एक झाड होतं, त्याच्या चिकातून. चार मार्च एकोणीसशे शहाण्णव. त्या वेळी मी हंगामी सहायक होते. नवी वस्तू आली की नोंद करायची, म्हणून दाखल रजिस्टरात 'आर-१७' हे मीच लिहिलं, माझ्या हातानं. मला कायम केलं दोन हजार तीन साली. जुने प्रमुख निवृत्त झाले आणि ज्येष्ठता यादी लागली, तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं आणि दुसरं माझं, डॉ. इंदुमती हेर्लेकर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मग बोंबलायचं कुणाच्या नावानं?

तरी मी बोंबलले. तडक आस्थापना अधीक्षक पुंड्यांच्या टेबलाशी गेले.

“पुंडे, अहो ते सजीवसुद्धा नाही! नळीतलं पाणी आहे ते!”

“मॅडम, नियमात 'संस्थेत दाखल झाल्याचा दिनांक' एवढंच आहे,” पुंडे म्हणाले. “सजीव हा शब्द कुठे आहे तो दाखवा, मी आत्ता यादी बदलतो.”

मी दोन दिवस नियमावली चाळली. नव्हता कुठेच.

मग संचालकांनी, प्रमुखांचं मत कसं घ्यायचं हे ठरवायला समिती नेमली आणि तज्ज्ञ म्हणून मलाच बोलावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेलेली. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “त्याला फक्त कापता येतं! दुसरं डोंबल काही येत नाही!” समितीनं हे शब्दशः टिपून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आठवड्यात कार्यपद्धती आली. प्रत्येक अर्जासाठी दूध घालून गोठवलेल्या जेलीची एक काचेची बशी. मधोमध भोक. त्यात प्रमुखांचा एक थेंब. सदतीस अंशांवर चार तास. थेंबाभोवतीचं दूध कापलं जाऊन पारदर्शक कडं उमटलं, तर अर्ज कापला, नामंजूर. दूध पांढरं राहिलं तर मंजूर. शिवाय प्रमुख एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाहीत, म्हणून आमच्या फ्रीजरांतल्या आर-१७च्या सगळ्या नळ्या गोळा करून प्रमुखांच्या खोलीत नेल्या. खुर्चीवर एक बारकं शीतकपाट ठेवलं, त्यात साहेब, आणि बाहेर पितळी पाटी.

आर-१७ हे उत्तम एन्झाइम आहे. कधी चुकत नाही, कधी थकत नाही. त्यामुळे दोन महिन्यांत एकही अर्ज मंजूर झाला नाही. हातमोजे नामंजूर. पंखा नामंजूर. ग्रंथपालांची बाळंतपणाची रजा नामंजूर. त्या बिचाऱ्या तशाच बाळंत झाल्या आणि त्यांना विनापरवानगीचा मेमो मिळाला. संचालकांनी बैठकीत सांगितलं की विभागाला इतकी शिस्त पूर्वी कधी नव्हती. मी तिथेच बसले होते. दातओठ खाऊन खाऊन माझा जबडा दुखायला लागला होता.

हे सगळं मी गिळलं असतं. पण जुलैत मुमताजचा प्रबंध आला.

मुमताज शिकलगार ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी. सहा वर्षं तिनं याच आर-१७वर काम केलं, लेकीला सासूकडे ठेवून रोज मिरजेहून येऊन-जाऊन. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली. एकतीस ऑगस्टच्या आत प्रमुखांच्या मंजुरीनं प्रबंध विद्यापीठात गेला नाही, तर तिची नोंदणीच रद्द होणार होती.

आम्ही अर्ज केला. चार तासांनी पुंड्यांनी बशी उजेडात धरली. इतकं स्वच्छ, गोल, रुंद कडं मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

“विषय साहेबांना चांगलाच लागलेला दिसतो,” पुंडे म्हणाले आणि शिक्का मारला. नामंजूर.

मुमताजनं बशी हातात घेतली, पट्टीनं कडं मोजलं. मग हळूच म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझं चौथं प्रकरण बरोबर आहे.”

त्या प्रकरणात तिनं हेच सिद्ध केलं होतं, की आर-१७ दुधातलं प्रथिन किती कापतं. अंदाज अर्ध्या मिलिमीटरचाही चुकला नव्हता. ती शांत होती, त्याचाच मला जास्त संताप आला.

“अगं, ओरड की जरा!” मी म्हटलं.

“तुम्ही ओरडताय ना, मॅडम.”

फेरअर्ज एकदाच करता येतो. तो आम्ही तीस ऑगस्टला ठेवला. तोवर मी सगळे दरवाजे ठोठावले. थेंबात पाणी घालू का, विचारलं. पुंडे म्हणाले, वरिष्ठांना पातळ करणं हा शिस्तभंग आहे. बशी थंड ठेवू का, विचारलं. त्यांनी तापमानाच्या नोंदींचं रजिस्टर उघडून दाखवलं. संचालकांकडे गेले तर ते म्हणाले, “हेर्लेकर मॅडम, पद्धत तुम्हीच सुचवलीत.” अस्सा राग आला, की त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट मी उचलला आणि परत ठेवला.

तीसच्या सकाळी पुंड्यांच्या आधी मी साहेबांच्या खोलीत गेले. आर-१७ पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. देवळाजवळचं झाड रस्तारुंदीत गेलं आणि पुढे मी दोनशे झाडांचा चीक तपासला, एकातही ते नव्हतं. होतं ते सगळं त्या बारा नळ्यांत. तीस वर्षं मी त्याला लेकराच्या वर जपलं होतं. वीज गेली की घरून बर्फ घेऊन धावत यायची. मी बाराच्या बारा नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं उकळलं की एन्झाइमची कापायची ताकद कायमची जाते. नितळ पाणी होतं, ते गढूळ होत गेलं आणि तळाशी पांढरा चोथा बसला. मी रडले, आणि रडताना सगळ्या संस्थेला तोंड भरून शिव्या दिल्या.

पुंडे दारात आले. “साहेब कुठायत?”

“गरम पाण्यात.”

“आंघोळ?”

“हो.”

त्यांनी तशी नोंद केली.

चार तासांनी बशी उघडली. दूध पांढरं होतं. कड्याचा मागमूस नाही. पुंड्यांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं आणि मंजुरीचा शिक्का मारला. मुमताज प्रबंध छातीशी धरून धावत सुटली आणि विद्यापीठ बंद व्हायच्या आत पोचली. आता ती डॉ. मुमताज शिकलगार आहे.

मी मात्र गप्प बसणारी नाही. दुसऱ्याच दिवशी पुंड्यांना सरळ सांगितलं, “प्रमुख मेलेत. मी मारलेत. करा काय करायचं ते.”

पुंडे जरासुद्धा हलले नाहीत. “मॅडम, ते सजीव नाही असं तुम्हीच मला सांगितलंत. मग मरेल कसं?”

तेव्हापासून सगळे अर्ज मंजूर होतात. पंखे आले, हातमोजे आले, ग्रंथपालांचा मेमो मागे घेतला गेला. साहेबांचा स्वभाव निवळला म्हणून संचालकांनी त्यांना मुदतवाढ दिली आहे. जून-जुलैतले कापलेले अर्जही फेरविचारासाठी निघाले.

त्यात माझा एक होता. आर-१७वर आणखी पाच वर्षं संशोधन करू द्यावं, असा. पुंड्यांनी माझ्यासमोर चोथ्यातला एक थेंब बशीत सोडला. आम्ही चार तास थांबलो. दूध पांढरंशुभ्र राहिलं.

पुंड्यांनी शिक्का मारून कागद माझ्या हातात दिला.

“मंजूर,” ते म्हणाले. “आता तरी हसा, मॅडम.”