कानातल्या गाठीशी सौदा

तात्या दलाल स्वतःच्या कानाशी सौदा करायचा. आमच्या रहिमतपूरच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. तात्या मात्र भरबाजारात टॉवेल आपल्याच डाव्या कानावर टाकायचा, खाली बोटं सरकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. जवळचे बैल रवंथ थांबवतात, असं लोक म्हणत. बैलांचं मला माहीत नाही. माणसं मात्र गप्प व्हायची.

"तात्या, काय म्हणतोय कान?"

"अडून बसलाय. लय चिवट गिऱ्हाईक हाय."

मी लोकांची गुरं राखत व्यापारी झालो. हातचा सौदा गेलेला मी विसरत नाही. सर्जा नावाचा खोंड मी नक्की केला होता. तात्याच्या डाव्या अंगाला उभा राहून "सौदा माझा" म्हणून ओरडलो, आणि त्यानं मान न वळवता खोंड सांगलीच्या माणसाला दिला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

पुढं बाजाराच्या तोंडाशी एसटीडी बूथ आला. तात्या तिथं "लाईन मेलीय" म्हणून भांडत होता. मी चिडून फोन त्याच्या डाव्या कानावरून ओढला आणि उजव्या कानाला लावला. तात्याचं भांडण तिथंच थांबलं. पलीकडचा माणूस मघापासून बोलतच होता. सर्जाच्या वेळी मीही त्या डाव्या कानाशीच ओरडलो होतो.

मिरजेला मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, "कानाच्या आणि तोलाच्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ आहे. कॅन्सर नाही. काही गाठी वर्षानुवर्षं झोपून राहतात, काही वाढतात. गाठीत कुठलं प्रथिन किती तयार होतं, त्यावर ते ठरत असावं. शोध चालू आहे. पण ते बघायला गाठ काढावी लागते."

"म्हंजे बैल इकत घेतल्यावर दात मोजायचं," तात्या म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. गाठ वाढली तर चेहऱ्याची नस दबून ती बाजू लुळी पडेल, काढताना तीच नस दुखावू शकते. तूर्त लक्ष ठेवू, म्हणाले.

त्यानंतर हे टॉवेलाचं सुरू झालं.

"मागतोस तरी काय त्याच्याकडं?" मी एकदा विचारलं.

"कान घे म्हणतो, तोल घे. तोंड तेवढं सोड."

"या वयात तोंड कुणाला दाखवायचंय रं?"

त्यानं टॉवेलाची कड उचलली. "तू घाल हात. तुझ्याएवढा हेकट बाजारात न्हाई."

मी घातला. तात्याचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते, मला दिसत होते. टॉवेलाखाली माझं बोट कुणीतरी दाबलं. एकदाच. कानशिलाची शीर उडाली असेल. पण ते बोट संध्याकाळपर्यंत गार होतं.

सर्जाचा राग धरल्याचं एकदा तोंडावर कबूल करायचं ठरवून मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोची, पारूवहिनींची, नजर गेल्याचं मला ठाऊक होतं. तात्या त्यांच्यापुढं उकिडवा बसला होता. बाजारातून आलेलं माणूस आपलंच आहे ना, हे बघावं तसा त्यांचा तळवा त्याच्या कपाळावरून, नाकावरून फिरत ओठांच्या कोपऱ्यांवर आला आणि डावीकडं थांबला.

"आवं, आज ही बाजू हासंना."

"दमलोय गं."

तेवढ्यात त्यानं मला दारात पाहिलं. खांद्यावरचा टॉवेल ओढून डाव्या कानावर टाकला.

सर्जाचा विषय निघालाच नाही. मी चपला काढल्या, शेजारी टेकलो, न सांगता टॉवेलाखाली हात घातला आणि या वेळी काढला नाही.