इंग्रजी न येणारी माणसे पाहिजेत

"व्हॉट इज धिस?" छोटीने कंगवा उंच धरून विचारले.

"अम्ब्रेला," आई म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्या तीन विद्यार्थ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. छोटीने पुढे होऊन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल बंद केला आणि तिथेच उभ्या उभ्या डोळे मिटले. देवाचे नाव घेत असावी.

"अगं, कोम्ब! कोम्ब!" बाबा कळवळून म्हणाले. "सकाळपासून तेच चाललंय ना!"

"मग तुम्हीच सांगा की. मला नाही राहत डोक्यात," आई म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत गॅसकडे बघायला गेली.

छोटी हे नाव तिला पाळण्यात असताना चिकटले ते चिकटलेच. आता केसांत एखाददुसरी रुपेरी तार दिसू लागली, तरी घरात ती छोटीच. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत ती बरीच वर्षे इंग्रजी शिकवत होती. शिकवताना ती इतकी रंगून जाई की खाली वह्या घ्यायला आलेली गिऱ्हाइकेही जिन्यात उभी राहून धडा ऐकत. पण खोलीच्या मालकाने तिथे व्यायामशाळा काढली. फळ्याच्या जागी आरसे आले, बाकांच्या जागी वजने आली आणि छोटी घरी आली.

मग समुद्रापलीकडच्या एका शाळेची जाहिरात तिच्या नजरेस पडली. मोठ्या माणसांची शाळा. चार देशांतून पोटापाण्यासाठी आलेली माणसे दिवसभर कामे करून संध्याकाळी तिथे इंग्रजी शिकत. छोटीला जणू कुणी नाव घेऊन हाक मारली. अर्ज गेला, बोलणी झाली, आणि शेवटची अट आली. शिकवतानाचे दहा मिनिटांचे चित्रण पाठवायचे. मध्ये कुठे तोडायचे नाही, जोडायचे नाही. शिक्षिकेने स्वतःच्या भाषेतला एक शब्द उच्चारायचा नाही. आणि विद्यार्थ्यांना इंग्रजी अजिबात येत नसले पाहिजे. शुक्रवारपर्यंत चित्रण पोचून पसंत पडले तर नेमणूक, नेमणूक झाली तर व्हिसा. नाही पोचले, तर ती जागा दुसऱ्या कुणाची.

अट वाचून छोटी हसली होती. इंग्रजी न येणाऱ्या माणसांना काय तोटा!

तोटाच होता. तिने समोरच्या घरी विचारले, तर तिथल्या गृहस्थांनी चष्मा काढून विचारले, "मला इंग्रजी येत नाही, असं सांगितलं कुणी तुला?" खालच्या किराणावाल्याने 'गुड मॉर्निंग, थँक यू, रिटर्न नाही' एवढे घडाघडा म्हणून दाखवले आणि वर रागावून साखर कमी तोलली. अज्ञान सगळ्यांच्या घरी असते, पण दारात येऊन कुणी ते मागितले की लगेच माणूस म्हणतो, आमच्याकडचे संपले.

शेवटी तळमजल्यावरचे शिंपीकाका तयार झाले, पण गिऱ्हाइकांना कळता कामा नये या बोलीवर. शेजारच्या मावशी आल्या, कारण शिंपीकाका रोज वर कशाला जातात ते त्यांना पाहायचे होते. बाबा तर घरचेच. त्यांनी आयुष्यभर बस चालवली होती आणि त्यांचे इंग्रजी 'स्टॉप'वर सुरू होऊन 'फुल'वर संपत होते. आणि चौथी आई.

"छोटे, एक सांगू?" पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले होते. संध्याकाळी कुठे कीर्तन असले की बाबा पहिल्या रांगेत असायचे. "बुवा काय करतात? ओळ अर्धी म्हणतात आणि सोडून देतात. पुढची लोकांनी उचलायची. तसं कर. तू म्हण 'धिस इज अ', आणि थांब."

युक्ती इतकी नामी निघाली की छोटीने "धिस इज अ" म्हणताच तिघे जण एका सुरात "कप!" म्हणून उचलत. फक्त टाळ तेवढे नव्हते हातात.

पण चित्रण काही पुरे होईना. पहिल्या खेपेला शिंपीकाका सगळा वेळ मोबाईलकडे बघत फोटोला बसल्यासारखे ताठ बसले, आणि कंगवा हातात दिल्याबरोबर त्यांनी भांग पाडून घेतला. दुसऱ्या खेपेला नऊ मिनिटे झकास गेली आणि दहाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली. मावशी सवयीने ओरडल्या, "दोन झाल्या गं!" तिसऱ्या खेपेला बाबांनी आईला कोपराने ढोसून उत्तर सांगितले. ते ढोसणे चित्रणात इतके स्वच्छ दिसले की मावशींनी ते तीनदा लावून पाहिले.

आणि या सगळ्या भानगडीत एक नवीच पंचाईत उभी राहिली. दर खेपेला धडा तोच, वस्तू त्याच. बिघडलेल्या प्रत्येक चित्रणागणिक विद्यार्थी मात्र हुशार होत चालले. शिंपीकाका दुकानात गिऱ्हाइकाला विचारू लागले, "व्हेअर इज द बटन?" मावशी फाटक लोटणाऱ्या पोस्टमनला गॅलरीतून "ओपन द डोअर" म्हणू लागल्या. छोटीने वस्तू उचलायच्या आत उत्तर येऊ लागले.

"असं चालणार नाही," छोटी रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुम्हाला काही येत नाही असं वाटायला हवं, काका!"

"एवढंच ना? करतो की अभिनय," शिंपीकाका म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी कंगवा हातात घेतला, डोळ्यांशी नेला, हुंगला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि छताकडे बघून विचारले, "व्हॉ...ट?" जन्मात कंगवा न पाहिलेला माणूस, आणि डोक्यावर चापून बसवलेला भांग!

"हे पाठवलंस तर नोकरी राहू दे, तिकडून डॉक्टर येतील," बाबा म्हणाले.

आता खरी भिस्त उरली ती आईवर. तिला अभिनयाची गरजच नव्हती. कप दाखवला तर ती म्हणे, अम्ब्रेला. किल्ली दाखवली तर अम्ब्रेला. ज्या खुर्चीवर ती बसली होती ती खुर्चीसुद्धा अम्ब्रेला. पण निदान शेवटी तरी एक उत्तर बरोबर यायला हवे, नाहीतर शिक्षिकेने शिकवले काय?

"आई, तुला मी जावं असं वाटतं ना?" छोटीने एकदा विचारले.

"जा की! मी कुठे अडवतेय?" आई कणीक मळत म्हणाली. "शिकलीसवरलीस, बाहेर पडायलाच हवं. तू शिकव, मी शिकते." आणि संध्याकाळी कपाला पुन्हा छत्री म्हणाली.

शुक्रवार उजाडला. छोटीने सरळ छत्रीच आणली, बाबांची काळी, लांब दांड्याची. बाकीच्यांना तिने हाताने खूण करून गप्प बसवले. दहाही मिनिटे एकट्या आईची. तिने छत्री उघडली, टेबलावर बोटे वाजवून पाऊस पाडला, आईला हाताला धरून छत्रीखाली घेतले, दोघी स्वयंपाकघरातून फेरी मारून आल्या. छोटी हसत होती, पुन्हा विचारत होती, पुन्हा दाखवत होती. आवाज चढला नाही की कपाळाला आठी पडली नाही. शेवटी तिने मिटलेली छत्री आईच्या हातात ठेवली. जी बाई जगातल्या यच्चयावत वस्तूंना छत्री म्हणते, ती निदान छत्रीला तरी छत्री म्हणेल!

"व्हॉट इज धिस?"

आईने छत्री वरखाली न्याहाळली.

"टेबल," ती म्हणाली.

मावशींनी कपाळाला हात लावला. छोटीने मोबाईल बंद केला, सगळ्यांचे आभार मानले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. संपले होते. आता पुन्हा करायला ना वेळ होता ना कुणात दम.

इकडे बाबांना वाटले, पोरगी हिरमुसून पाठवायचे विसरली. शेवटचे चित्रण कसे काढायचे आणि 'पाठवा'चे बटण कुठले, एवढे तिने त्यांना कधीतरी दाखवून ठेवले होते. बाबांनी हात जोडले आणि बटण दाबले.

"गेलं बघ!" त्यांनी गॅलरीत येऊन वर्दी दिली.

"काय गेलं?"

"आत्ताचंच की. छत्रीवालं."

छोटी मटकन खाली बसली. मग अब्रू किती गेली ते तरी बघावे म्हणून तिने ते चित्रण लावले. एकदा पाहिले, मग पुन्हा पाहिले. आणि मोबाईल घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. आई ओटा पुसत होती.

"आई, कपाला तू छत्री म्हणालीस."

"हो गं. म्हातारं डोकं."

"किल्लीला छत्री, कंगव्याला छत्री, खुर्चीला छत्री."

"सांगितलं ना, राहत नाही."

"आणि छत्रीला टेबल."

ओटा लख्ख झाला होता, पण आईचा हात थांबेना.

"सगळ्याला छत्री म्हणणाऱ्याचं एकदा तरी चुकून बरोबर यायला हवं होतं, आई. तू नेमकी छत्रीपाशीच कशी चुकलीस?"

आईने फडके पिळले, झटकले, नळावर वाळत घातले.

"पहिल्याच दिवशी आलं गं सगळं," ती हळूच म्हणाली. "तू शिकवतेसच तशी. तीच तर पंचाईत झाली."

"मग नको जाऊ का मी?"

"असं मी म्हटलं का? एका शब्दाने तरी म्हटलं? मी आपली छत्री म्हणत होते."

छोटीला रागवायचे होते, पण तिच्या ओठांना ते जमेना. ती आधी हसली, मग रडली. आईने उलटे केले. आणि दोघींनी मिळून पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

सोमवारी शाळेचा फोन आला, समोर चित्र दिसणारा. मुख्याध्यापिका पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी बाई होती. छोटी माफी मागायला तोंड उघडणार, तोच ती बोलू लागली आणि छोटी ऐकता ऐकता सगळ्यांना सांगत गेली. पुष्कळ चित्रणे आली होती म्हणे. सगळ्यांचे विद्यार्थी तिसऱ्या मिनिटाला पोपटासारखे बोलायला लागले होते. "आमच्याकडची माणसं दिवसभर राबून थकून येतात. त्यांच्या डोक्यात पटकन काही शिरत नाही. ज्याला काहीच येत नाही, त्याच्यासमोर दहा मिनिटं न चिडता उभ्या राहिलेल्या तुम्ही एकट्याच. जागा तुमची. त्या विद्यार्थिनीला मात्र मला भेटायचंय."

आईला पुढे बसवले. देवाची लीला कशी असते पाहा. अडवायला घातलेला दगडच पायरी झाला, आणि तो घालणारी बाई आता त्या पायरीवर अवघडून बसली होती. मुख्याध्यापिकेने टेबलाखालून एक लाल छत्री काढली आणि लहान मुलीसारखी डोळे मिचकावत विचारले, "व्हॉट इज धिस?"

मावशी दारात, त्यांच्या मागे गळ्यात टेप अडकवलेले शिंपीकाका. आईने छत्रीकडे पाहिले. मग छोटीकडे पाहिले, बराच वेळ. पोरगी लहानपणी शाळेला निघायची तेव्हा आई दारात उभी राहून अशीच बघत असे.

"अम्ब्रेला," आई म्हणाली. आणि छोटीच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक शब्द जपून उतरवत तिने जोडले, "धिस इज माय डॉटर. गुड."

मुख्याध्यापिकेने टाळ्या वाजवल्या. तिच्या मते तो धड्याचा परिणाम होता, आणि तसे पाहिले तर होताच.

व्हिसाचे काम त्या मानाने सरळ झाले. शिंपीकाकांनी कोट शिवून दिला. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने कागद उलटसुलट पाहिले आणि विचारले, "शिकवता म्हणजे कसं शिकवता?" छोटीने काचेखालच्या फटीतून त्याचेच पेन उचलले, म्हणाली, "धिस इज अ," आणि थांबली. मागच्या अख्ख्या रांगेने "पेन!" म्हणून उचलून धरले. अधिकाऱ्याने स्वतःही म्हटले, मग घसा खाकरून शिक्का मारला.

छोटी गेली आणि रमली. वर्ष सरता सरता तिने आईबाबांना बोलावणे धाडले. आता व्हिसा त्या दोघांचा. काचेपुढे दोन-चार प्रश्न इंग्रजीत विचारतील, म्हणून आईने बाबांची शिकवणी सुरू केली. टेबल तेच, वस्तू त्याच, पिठाच्या डब्याला टेकलेला मोबाईल तोच. फक्त आता त्यात पलीकडून छोटी बघत होती.

"व्हॉट इज धिस?" आईने कप उचलला.

"अम्ब्रेला," बाबा म्हणाले.

"अहो, असं काय? तुम्हाला तर येत होतं!" आईने किल्ली धरली.

"अम्ब्रेला. राहत नाही आता."

आईने भुवई वर केली. कोपऱ्यातली काळी छत्री आणून तिने त्यांच्यापुढे धरली. बाबांनी ती वरखाली न्याहाळली.

"टेबल."

आईने मोबाईलकडे पाहिले, मोबाईलमधून छोटीने आईकडे पाहिले, आणि दोघी एकदम अशा हसत सुटल्या की शेजारून मावशी धावत आल्या.

"कशाला घाबरताय ते सांगा सरळ," आई डोळे पुसत म्हणाली. "अहो, विद्या माझीच आहे ही!"

बाबा जरा वेळ छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले.

"जन्मभर गाडी माझ्या हातात होती," शेवटी ते म्हणाले. "दुसरा चालवत असला की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. आणि हे विमान तर वर, ढगात." मग मोबाईलजवळ तोंड नेऊन त्यांनी हळूच विचारले, "छोटे, त्या चालवणाऱ्याच्या मागची जागा मिळते का गं?"