आहे त्या स्थितीत पाहणी

ज्याला गाडी लावायला जागा मिळत नाही, तो माणूस कितीही वेगाने आला तरी पोचलेला नसतो. लोकशाहीचे हे मूलतत्त्व सामान्य नागरिकाला रोज संध्याकाळी कळते. लोकप्रतिनिधींना ते एकदाच कळले, पण एकदा कळल्यावरही केवढे काम उभे राहू शकते, हे शासकीय नाट्यगृहाच्या अधीक्षकांनी याचि डोळा पाहिले.

अधीक्षकांच्या सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकही डाग नव्हता, कारण त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता. (जे निर्णय झाले ते फायलींनी आपापसांत केले.) नाट्यगृहावर मात्र त्यांचा जीव होता. आठशे खुर्च्यांपैकी कुठली कुरकुरते, कुठलीचा हात सुटलाय, हे त्यांना तोंडपाठ होते. कार्यक्रमाच्या आधी रिकाम्या रंगमंचावर उभे राहून ते एकच टाळी वाजवत आणि ती मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येईतो थांबत. आली, की पडदेवाल्याला म्हणत, "चला, ठीक आहे."

झाले असे, की विधिमंडळाचे एक सदस्य तिथल्या बक्षीस समारंभाला आले. वाहनतळ भरलेला. त्यांनी नाट्यगृहाला तीन फेऱ्या मारल्या आणि आत पोचले तेव्हा बक्षिसे विरोधी पक्षाच्या सदस्यांच्या हस्ते देऊन झाली होती. लोकशाहीवर असा घाला पडल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते. पुढच्याच अधिवेशनात प्रश्न विचारला गेला, गदारोळ झाला, कामकाज दोनदा तहकूब झाले आणि 'राज्याच्या मालकीच्या सार्वजनिक वास्तूंमधील वाहनतळ व भाडेपट्टे देखरेख समिती' जन्माला आली. सदस्य बारा. (मूळ प्रश्नात भाडेपट्टे नव्हते. मसुदा करणाऱ्याने भाडेपट्ट्यांच्या एका जुन्या ठरावावरून नक्कल केली आणि तो शब्द खोडायचा राहिला. छापून आल्यावर तो धोरण ठरला.)

समितीचे पत्र आले. शनिवारी दुपारी चार वाजता वाहनतळाची 'आहे त्या स्थितीत' पाहणी होणार होती.

अधीक्षकांनी आरक्षणाची वही उघडली. शनिवारी पाच वाजता अक्काच्या गायनशाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले होते. अधीक्षकांचे वय छप्पन्न, पण अक्का समोर उभी असली की आजही त्यांना खुर्चीत बसवत नसे. तिने आठ महिने आधी तारीख घेतली होती. पन्नास वर्षे गाणे शिकवून आता गुडघे बोलू लागले होते, म्हणून हा शेवटचा कार्यक्रम, असे तिने जाहीर केले होते.

त्यांनी फोन लावला.

"अक्का, शनिवारचं जरा रविवारी करता येईल का?"

"का रे बाळ्या? शनिवारी नाट्यगृह कुठे जाणारेय?"

"समिती येणारेय."

"येऊ दे की. गाणं ऐकेल. अठ्ठेचाळीस मुली तयारी करतायत तीन महिने. त्यातल्या निम्म्या मुलींना रविवारी परीक्षा आहे. तुझी समिती परीक्षा पुढे ढकलेल?"

अधीक्षकांनी फोन ठेवला आणि गणित मांडले. नकाशाप्रमाणे वाहनतळात चौसष्ट गाड्या मावत. पण नकाशा काढणाऱ्याने जनित्र, पाण्याची टाकी आणि एक बंद पडलेला रोडरोलर विचारात घेतला नव्हता, त्यामुळे प्रत्यक्षात जागा एक्केचाळीस. समितीच्या बारा गाड्या, त्यांच्या बरोबरच्या बारा, सचिवालयाच्या चार, छायाचित्रकाराची एक आणि 'मागाहून कळवण्यात येईल' अशा दोन, मिळून एकतीस. म्हणजे भरलेला वाहनतळ पाहायचा तर समितीला गाड्या लावायला जागा नाही आणि जागा दिली तर वाहनतळ आहे त्या स्थितीत राहत नाही. त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला मार्गदर्शन मागितले. उलट टपाली उत्तर आले, 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी.' असे मार्गदर्शन मिळाल्यावर माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर दोरी बांधायची असते. शनिवारी दोन वाजता त्यांनी वाहनतळ रिकामा करून दोरी बांधली.

साडेतीनला अक्काचा टेम्पो फाटकाशी आला. पुढे ड्रायव्हरशेजारी अक्का, मागे वाद्ये आणि तीन म्हातारे वादक.

"दोरी सोड, बाळ्या."

"अक्का, आत गाडी नेता येणार नाही. पोलिसांनी रस्ताही बंद केलाय. वाद्यं इथेच उतरवू या. मी धरतो एका बाजूने."

"हा व्हायोलिनवाला एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. त्याला कुठल्या बाजूने धरतोस?"

अधीक्षकांनी खरोखरच त्यांना काखेत हात घालून धरले आणि दोनशे पावले चालवत आत नेले. वाटेत ते म्हातारबाबा तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा म्हणाले, "तुमचा फार त्रास झाला." अधीक्षकांना जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले. पण जमीन शासनाची होती.

चारला येणारी समिती पाच वाजता आली, म्हणजे वेळेवर आली. अध्यक्ष गाडीतून उतरले, त्यांनी सभोवार नजर टाकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"मोजा," ते म्हणाले.

सचिवांनी मोजले. "एक्केचाळीस जागा, एकतीस गाड्या. शेकडा पंचाहत्तर पूर्णांक सहा दशांश."

"बघा! जनतेचा केवढा प्रतिसाद आहे!"

अधीक्षकांच्या आयुष्यात हा पहिलाच प्रसंग, की त्यांचे तोंड त्यांना न विचारता उघडले. "साहेब, या गाड्या आपल्याच आहेत."

सचिवांनी घाईने वहीतला आकडा हाताने झाकला. अध्यक्षांनी मात्र राग मानला नाही. त्यांनी अधीक्षकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने विचारले, "मग आम्ही कोण? आम्ही जनताच ना? एकेक सदस्य दोन लाख लोकांचा प्रतिनिधी आहे. म्हणजे आज या वाहनतळात किती लोक आलेत?"

"चोवीस लाख," सचिव म्हणाले.

"चोवीस लाख!" अध्यक्षांनी रोडरोलरकडे अभिमानाने पाहिले. "आणि तरी दहा जागा शिल्लक!"

मग समिती भाडेपट्ट्यांकडे वळली. नाट्यगृहात भाडेपट्टा एकच होता, तो चहाच्या काकूंचा. जिन्याखाली टेबल, गॅसची शेगडी आणि बिस्किटांच्या चार बरण्या एवढ्या साम्राज्यावर काकूंनी नवऱ्यामागे दोन मुलींची लग्ने केली होती. त्यांनी ट्रंकेतून भाडेपट्टा काढून दिला. सचिवांनी तो मोठ्याने वाचला आणि कलम चारपाशी ते अडखळले. तिथे लिहिले होते, 'सदर जागा केवळ प्रवाशांच्या सोयीसाठी वापरण्यात येईल.' (एकोणीस वर्षांपूर्वी नाट्यगृहाचा छापील नमुना संपला होता, म्हणून बसस्थानकाचा वापरला होता.)

"इथे प्रवासी किती येतात?" अध्यक्षांनी विचारले.

"प्रवासी कुठले, साहेब? नाटक बघायला येतात लोक."

"म्हणजे कलम चारचा भंग होतोय. किती वर्षं?"

"एकोणीस," काकू म्हणाल्या. मग त्यांना वाटले काहीतरी चुकले, म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "पण चहाबद्दल कधी कुणाची तक्रार नाही."

समितीने चहा घेतला. तक्रार नव्हतीच. जागा रिकामी करण्याची नोटीस काढावी, असे नोंदवून सगळे वर निघाले, तेव्हा आतून गाण्याचा आवाज आला.

आत कार्यक्रम सुरू झाला होता. रंगमंचावर अठ्ठेचाळीस मुली होत्या आणि समोर एकोणीस प्रेक्षक. बाकीचे आईबाप बंद रस्त्यांच्या पलीकडे गाडी लावायला जागा शोधत गोल गोल फिरत होते. एका बापाला मुलीचे गाणे फोनवर ऐकवले जात होते, पण तो चुकीच्या दिशेने एकेरी रस्त्यात शिरल्यामुळे त्याचे पोलिसाशी बोलणे उलट आत सगळ्यांना ऐकू येत होते. अक्का विंगेत खुर्चीवर बसली होती. तिने रिकाम्या खुर्च्यांकडे एकदाच पाहिले आणि मुलींना खूण केली, मान वर, सूर मोकळा. मुली अशा गायल्या, की दारात उभ्या असलेल्या अधीक्षकांचे डोळे भरून आले.

अध्यक्षही दारात उभे होते. तेही हेलावले असावेत, कारण ते हळू आवाजात म्हणाले, "मोजा."

"आठशेपैकी एकोणीस. शेकडा दोन पूर्णांक तीनशे पंचाहत्तर सहस्रांश. त्यातले एक झोपलेत."

पुढचे सारे तर्कशास्त्राने आपोआप केले. एकाच संध्याकाळी, एकाच आवारात, शासनाच्या एका जागेला जनतेने शेकडा पंचाहत्तर प्रतिसाद दिला होता आणि दुसरीला शेकडा दोन. लोकांना काय हवे ते लोकांनीच सांगितले होते. समितीने एकमताने शिफारस केली, की नाट्यगृहाचे रूपांतर वाहनतळात करावे. (वास्तू त्यासाठी जणू बांधलेलीच होती. तिला मूळचाच उतार होता, बाल्कनीमुळे दुसरा मजला फुकट मिळत होता आणि मोठा दरवाजा होता, ज्यातून एकदा खरा घोडा आत आला होता.) वाहनतळ तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने चालवायला द्यावा, म्हणजे समितीच्या नावातले दोन्ही शब्द सार्थ होतील, असेही अहवालात म्हटले होते.

त्या संध्याकाळी अक्का टेम्पोत चढताना अधीक्षकांना म्हणाली, "तू काही बोललास का रे?"

"बोललो. एक वाक्य."

"मग?"

"चोवीस लाख लोक विरोधात गेले."

अक्काने त्यांच्या गालावर हात ठेवला. "सव्वीस वर्षांत एक वाक्य. जरा आधीपासून सवय ठेवायची होतीस, बाळा."

कायद्यात लोकांच्या हरकती मागवण्याची तरतूद होती आणि कायदा पाळण्यात समिती कुठे कमी पडली नाही. नाट्यगृहाच्या फाटकावर तीस दिवसांची जाहीर नोटीस लागली. खाली टेबल मांडून हरकतींची वही ठेवण्यात आली. पहिल्याच दिवशी अक्काने सहीनिशी हरकत लिहिली. ती फेटाळली गेली, कारण हरकतदार अधीक्षकांच्या सख्ख्या भगिनी असून त्यांचा प्रकरणात हितसंबंध होता. काकूंनी हरकत घेतली, तर त्या भाडेकरू निघाल्या. वादक, पडदेवाला, गायनशाळेच्या मुलींचे आईबाप हे सगळेच हितसंबंधी ठरले. ज्याचा या जागेशी काडीचाही संबंध नाही अशा निःपक्षपाती नागरिकाचीच हरकत ग्राह्य धरली जाईल, असा खुलासा शेवटी समितीने केला. अशी एक हरकत आली तरी प्रकरण फेरविचारासाठी परत जाणार होते.

अधीक्षकांना हायसे वाटले. राज्यात अशा नागरिकांचाच भरणा होता. त्यांनी रजा टाकली नाही, जेवायला घरी गेले नाहीत, तीस दिवस वहीपाशी खुर्ची टाकून बसले. निःपक्षपाती नागरिक हजारोंनी फाटकावरून गेले. थांबले तिघे. पहिल्याने स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले. दुसऱ्याने नवा वाहनतळ कधी सुरू होणार ते विचारले आणि उशिराबद्दल नाराजी व्यक्त केली.

आज तिथे गाड्या लागतात. जागांना अजून रांग आणि खुर्ची क्रमांकच आहेत, आणि हॉर्न शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन स्वच्छ परत येतो. काकू जिन्याखालीच आहेत. गाड्यांतून येणारे लोक कायद्याने प्रवासी ठरल्यामुळे त्यांचा भाडेपट्टा एकदम वैध झाला. अक्काच्या घरी बाहेरच्या खोलीत आठ मुली शिकायला येतात आणि निवृत्तीनंतर अधीक्षक तिथे दाराशी चपला नीट लावतात.

राहता राहिला तिसरा नागरिक. तो शेवटच्या दिवशी दुपारी आला. त्याने नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खेदाने मान हलवली आणि "काय चाललंय हे! कुणी काही बोलत कसं नाही?" असे म्हणाला. अधीक्षक धडपडत उठले. त्यांनी वही पुढे केली, स्वतःच्या हाताने टोपण काढून पेन दिले. तेवढ्यात त्याला फोन आला. पलीकडून कुणीतरी सांगितलेला नंबर त्याने त्या पेनाने तळहातावर लिहून घेतला, पेन खिशाला लावले आणि गाडी वाकडी लावलीय असे पुटपुटत तो निघून गेला.

ते तुम्हीच होतात. पेन सरकारी आहे, सवडीने आणून द्यावे. गाडी लावायला जागेची आता अडचण नाही.