एकवीस दिवसांची सरळ रेषा

"बिघाड अचानक होत नसतो! आपण मोजत नसतो, म्हणून तो अचानक वाटतो!"

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे वाक्य वर्गात शंभरदा तरी ऐकवले असेल. त्या सकाळी मात्र ते गाडीची किल्ली बोटावर फिरवत बायकोला ऐकवत होते. तिची अकरा वाजता मुख्याध्यापिकेच्या पदासाठी मुलाखत होती. पंधरा वर्षे वाट पाहून आलेली संधी! टॅक्सीने जाऊ, एवढेच तिचे म्हणणे.

"अहो, परवापासून तापमानाचा काटा वर चढतोय. तुम्हीच म्हणालात ना?"

"काटा चढतोय, पण कूलंट उतरत नाही!" प्राध्यापकांनी वही उघडली. इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या हिरव्या द्रवाची पातळी ते एकवीस दिवस, रोज सकाळी सातला, पट्टी लावून मोजत होते. आलेखावरची रेषा इतकी सपाट, की गवंड्याने आपली पाणसळ तिच्यावरून तपासून घ्यावी. "याचा अर्थ, काटा खोटे बोलतो."

सासूबाई लेकीला धीर द्यायला सोबत निघाल्या होत्या. तीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतरही नजर वॉर्डातलीच.

"जावईबापू, गाडीखाली रोज हिरवं ओलं दिसतं. आत गोडसर वासही येतो."

"आई, वास म्हणजे मोजमाप नव्हे. आणि ते ओलं शेजाऱ्यांच्या गाडीचं असेल."

"शेजाऱ्यांकडे सायकल आहे."

प्राध्यापकांनी गाडी सुरू केली.

निम्म्या वाटेत काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. प्राध्यापक डगमगले नाहीत. इंजिनाची उष्णता बाहेर काढण्यासाठी त्यांनी हीटर पूर्ण सोडला. बायकोने इस्त्रीच्या कपड्यांवर फाइल धरली, सासूबाईंनी डोळे मिटले. आणि झरोक्यांतून आली थंडगार हवा!

"वा! छान गार वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी मात्र झरोक्यावर हात धरून पाहिला. इंजिन तापलेले आणि हीटर थंड, म्हणजे गरम कूलंट हीटरपर्यंत पोहोचतच नव्हते. पण वहीप्रमाणे टाकी तर काठोकाठ! त्यांनी क्षणभर विचार करून हीटरही खोटारडा ठरवला. त्याच क्षणी बॉनेटखालून वाफेचा लोट उसळला. आता खोटे बोलणारे एकूण तीन झाले होते.

गाडी कडेला लागली. नऊ वाजून पंचावन्न मिनिटे. बायकोने फोन लावला. टॅक्सीला चाळीस मिनिटे लागणार होती.

"झाकणाला कोणीही हात लावायचा नाही! आत प्रचंड दाब आहे!"

"माझ्याही आत आहे!" बायको म्हणाली.

अर्धा तास इंजिन निवत राहिले आणि बायको तापत राहिली. सासूबाई शांतपणे वही चाळत होत्या.

"जावईबापू, एक विचारू? पलंग ओला आणि तक्त्यावर आकडा मात्र रोज तोच, असं झालं की आम्ही पेशंटला दोष द्यायचो नाही. बाटली कोणाची मोजतोय, ते आधी बघायचो."

प्राध्यापक हसले. मग बॉनेटखाली वाकले. मग हसायचे थांबले.

ते रोज मोजत असलेल्या टाकीच्या झाकणावर काच आणि कारंजे असे चित्र होते. त्यांना इतके दिवस ते उष्णतेच्या लहरींचे वाटत होते. ती काच धुण्याच्या पाण्याची टाकी! तीत पहिल्या दिवशी गळ्यापर्यंत कूलंट त्यांनीच ओतले होते आणि काच एकदाही धुतली नव्हती. पातळी उतरणार तरी कशी? खरी टाकी बॅटरीमागे दडून बसली होती. कोरडी ठणठणीत. तिच्याखाली रबरी नळी आवळून धरणारी पट्टी ढिली होऊन ठिबकल्याची खूण.

"सापडलं?" बायकोने घड्याळाकडे पाहत विचारले.

"प्राथमिक निष्कर्ष असा, की…"

"पाना द्या इकडे!"

पट्टी बायकोनेच आवळली. झाकण हाताला गार लागल्यावर पिण्याच्या पाण्याच्या तिन्ही बाटल्या आत रिकाम्या झाल्या. काटा जागेवर उतरला. तो बिचारा पहिल्यापासून खरेच बोलत होता. दहा छपन्नला बायको शाळेच्या फाटकातून धावत आत गेली, बोटांना काळे ग्रीस लागलेले.

तासाभराने ती हसत बाहेर आली.

"झाली निवड! त्यांनी विचारलं, संकट आलं तर आधी काय कराल? मी म्हटलं, मोजमाप बरोबर जागी चाललंय का ते बघेन. मग बोटं दाखवली."

प्राध्यापकांनी लगेच गाडी काढली. घरी नेताना नव्या मुख्याध्यापिकेला समोरचा रस्ता स्वच्छ दिसावा, म्हणून त्यांनी काच धुण्याची दांडी मोठ्या उत्साहाने ओढली. सूंऽऽ! काचेवर हिरवे कारंजे उडाले, वायपरने ते इकडून तिकडे सारवले आणि गाडीभर गोडसर वास दरवळला.

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "असू द्या जावईबापू. काच तरी आता तापायची नाही!"