शाबाभाऊंचा राखून ठेवलेला निकाल

शाबाभाऊंकडे गेलात तर 'ये, बस' ऐकायला जरा वेळ लागतो. आधी तुमच्या हातातली वस्तू त्यांच्या हातात जाते, तिथून काट्यावर, आणि मग ते तुमच्याकडे बघतात. माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी अशीच तोलली आणि म्हणाले, "कागद हलको. लगीन घायेत जमला वाटता." लग्न खरंच घाईत जमलं होतं.

भाऊ वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर पेडणे आणि डिचोलीच्या बाजारांत दुकानदारांचे काटे तपासले आणि मित्र एकही जोडला नाही. "वजन फटी मारणा नाय," म्हणजे वजन खोटं बोलत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मुलगी पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला निघाली तेव्हा तिची बॅग अर्धा किलो जास्त भरली. विमानतळावरच्यांनी एकवेळ चालवून घेतलं असतं, भाऊंनी नाही. त्यांनी बॅग उघडून तिच्या आईचा फ्रेम केलेला फोटो बाहेर काढला. आई आदल्या वर्षी गेलेली. फोटो अजून भाऊंच्या पार्से गावातल्या घरात भिंतीवर आहे, आणि मुलगी तिकडे.

निवृत्त माणसं भजनाला लागतात, ते जमलं नाही तर पंचायतीला शिव्या घालतात. भाऊंनी लष्करी रिव्हॉल्व्हरांचा ध्यास घेतला, त्यातही हलक्या. परदेशातल्या एका हवाई दलानं म्हणे वैमानिकांसाठी गोळ्यांच्या चक्रीसकट ॲल्युमिनियमची रिव्हॉल्व्हरं करवून घेतली. गोळ्या झाडताना त्यांना तडे जायला लागले म्हणून बहुतेक मोडीत काढली. उरली ती दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून बनावट फार. हे सगळं भाऊ आपण त्या विमानात होतो अशा थाटात सांगतात. त्यांचा स्वतःचा संग्रह म्हणजे भिंतीवर सात खुंट्या आणि सात चामडी होल्स्टरं. सातही रिकामी. "असली गावला तर घेईन. डुप्लिकेट कोण पोसता?" असं विचारतात. लायसन्स म्हणाल तर या माणसाकडे स्कूटरचंसुद्धा नाही.

मग पारख कशाची करतात? आमच्या हत्यारांची. निवडणूक जाहीर झाली की लायसन्सवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. काजूच्या बागायतीत डुकरांसाठी ठेवलेली बंदूक असो की कुणाच्या आज्याचं पिस्तूल. भाऊंचं घर पेडण्याच्या वाटेवर, त्यामुळे जाता जाता दाखवून जाऊ म्हणून जो तो थांबतो. लोकशाहीवर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पोटनिवडणूक लागली तरी त्यांचा चेहरा खुलतो.

माझ्याकडे काकांचं रिव्हॉल्व्हर होतं. काका तारवावर नोकरीला होते, कुठल्याशा बंदरातून त्यांनी ते आणलेलं. वैमानिकांचंच आहे, असं ते मरेपर्यंत सांगायचे. माझ्या बायकोला ती वस्तू घरात नको होती. शेवटी आमचा तह झाला. भाऊंनी असली म्हटलं तर काकांची आठवण म्हणून ठेवायचं, डुप्लिकेट म्हटलं तर कायमचं सरकारजमा.

विधानसभेच्या वेळी भाऊंनी ते दोनदा तोललं, भिंग लावून नंबर वाचला आणि म्हणाले, "तेल खूब लायलंस. तेलाचा वजन येता. सुकूक दी." ते सुकेपर्यंत आम्ही चहात उंडे, म्हणजे इथले गोल कडक पाव, बुडवून खाल्ले. तेल काही सुकलं नाही. निकाल राखून. लोकसभेच्या वेळी हवा दमट होती. पंचायतीच्या वेळी काटाच रुसला होता. काटा रुसतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, तेसुद्धा वजनमापे खात्याच्या माणसाकडून. फॅक्टरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दर वेळी त्यांचे उंडे खात होतो आणि घरी बायकोची बोलणी.

त्या पंचायतीच्या वेळी पार्सेहून तसाच ठाण्यात गेलो. रांगेत कोरगावचा एक बागायतदार आज्याचं पिस्तूल घेऊन उभा. त्याचाही निकाल दोन निवडणुका राखलेला. हवालदार आमचं बोलणं ऐकून हसला. त्यानं मागच्या लोखंडी कपाटावरचा लोहचुंबक काढला, त्याखालचा कागद पडू दिला आणि चुंबक माझ्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीला लावला. टक्कन चिकटला.

"डुप्लिकेट," तो म्हणाला. "असली असता तर चक्री ॲल्युमिनियमची, चिकटलोच नसतो. भाऊनीच शिकवलां आमकां."

चुंबक भाऊंच्या घरीही आहे. गणपतीच्या आकाराचा, फ्रिजवर, विजेचं बिल धरून असतो. तीन निवडणुकांत तो तिथून हललेला मी पाहिला नाही.

रिव्हॉल्व्हर कायमचं जमा करायचा अर्ज तिथेच लिहून दिला आणि तणतणत स्कूटरवरून परत पार्सेला आलो. चांगलं खडसावायचं ठरवलं होतं. भाऊ पडवीत बसले होते. त्यांनी सवयीनं माझ्या हातांकडे बघितलं. हातात काही नव्हतं.

"जमा केलंस? कायमचा?"

"व्हय. हवालदारान चुंबक लायलो."

ते काट्याच्या रिकाम्या पारड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता तू येवचो नाय."

मला त्यांची दया नाही आली, माझी मलाच लाज वाटली. इतक्या वर्षांत मी एकदाही या घरी उगाच म्हणून आलो नव्हतो. मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पारड्यात ठेवलं.

"भाऊ, ह्या रस्त्यावरना घेतलंय. शिक्को आसा, पण असली काय डुप्लिकेट, जरा बघा."

त्यांनी चष्मा पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. वजन बघितलं, शिक्का बघितला, आतला स्पंज दाबून बघितला.

"ह्या एका दिसान सांगूक येवचा नाय," ते म्हणाले. "हंयच ऱ्हवांदे. आयतवारी ये. बस, च्या ठेवतंय."

हेल्मेट त्यांनी आत नेऊन आठवी खुंटी नव्हती म्हणून सातव्या होल्स्टरवरच अडकवलं. चहा झाला, उंडे झाले, आणि मी बोडक्या डोक्यानं, पोलीस चुकवत, तुयेला घरी आलो.